बांगलादेशाला वीज जाते म्हणून आपल्याकडची लाईट जात नाही : खानदेशातील खासदार-आमदारांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार मतदारसंघांचे सन्माननीय खासदार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांचे सन्माननीय आमदार,
सप्रेम नमस्कार.

मी शिरपूर तालुक्यातला मतदार. आमचा जिल्हा धुळे आणि आमचे खासदार नंदुरबारचे, अशी आमची गंमत आहे. त्यामुळे नेमकं कोणाला लिहावं हे ठरेना, आणि शेवटी सगळ्यांनाच लिहायला बसलो. या पत्रात कोणत्याही पक्षाचं नाव येणार नाही. जे लिहितोय ते सत्तेतल्यांना जेवढं लागू आहे तेवढंच विरोधातल्यांनाही.

विषय असा. अलीकडे सभांमध्ये, आणि त्याहून जास्त मोबाईलवर, एक बोलणं फिरतंय. इथं शेतकऱ्याला आठ तास धड लाईट नाही आणि दिल्ली मात्र बांगलादेशाला वीज विकते. एक बाजू हे बोलली की दुसरी बाजू त्यावर कडी करते : फार माजलेत शेजारी, त्यांची मेन लाईनच तोडून टाकू, मग कळेल. टाळ्या दोन्हीकडे पडतात. मे महिन्यात केळीला पाणी द्यायच्या वेळी ज्याची थ्री फेज गेलेली असते, तो माणूस टाळी वाजवणारच. त्याला मी नावं ठेवत नाही, तुम्हाला ठेवतो. कारण त्याच्या हातात फक्त बिल येतं. तुमच्या टेबलावर सगळे कागद येतात.

माझी नोकरी सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये गेली. दर तासाला व्होल्टेज, अँपिअर, मेगावॅट आणि फ्रिक्वेन्सी लॉगशीटवर उतरवायची, कळव्याच्या लोड डिस्पॅचहून (राज्याच्या वीज नियंत्रण केंद्रातून) फोन आला की सांगतील तो फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाईन, काढायचा म्हणजे बंद करायचा, आणि मग गावकऱ्यांचे फोन घ्यायचे. "लाईट उनी का, भाऊ?" हा प्रश्न मी जितक्यांदा ऐकला तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. त्या खुर्चीतून जे दिसलं ते सांगावंसं वाटलं.

आधी बांगलादेशाचाच हिशेब करू. ज्या प्रकल्पावरून सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो झारखंडातल्या गोड्डा इथला. ८०० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,६०० मेगावॅट. हे केंद्र उभंच राहिलं ते बांगलादेशाशी झालेल्या करारावर, आणि तिथून निघालेली लाईन थेट हद्दीपलीकडे गेली. २०२३ साली ते सुरू झालं तेव्हा आपल्या देशाच्या जाळ्याशी त्याची गाठच मारलेली नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता पालटली, थकबाकी वाढत गेली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या केंद्राने पुरवठा जवळपास निम्म्यावर आणला. त्या आठवड्यात शिरपुरात एक बल्ब तरी जास्त लागला का? लागणार कसा, मधे तारच नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशा केंद्राला देशात वीज विकायची मुभा दिली हे खरं. पण ती वीज तरी आपल्याकडे फुकट येणार होती का?

दुसरा रस्ता बंगालमधल्या बहरमपूरहून पलीकडच्या भेरामाऱ्याला जातो. २०१३ साली ५०० मेगावॅटने सुरू झाला, २०१८ मध्ये १,००० मेगावॅटचा झाला. ही वीज मात्र आपल्या जाळ्यातूनच जाते. आकडा मोठा वाटतो, कारण आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचे ५०० मेगावॅटचे दोन संच म्हणजे एवढीच वीज. पण ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २,५०,००० मेगावॅटला जाऊन टेकली होती. त्यातले हजार म्हणजे शंभरात अर्धाही नाही. आणि ती दानधर्मात जात नाही, युनिटवर विकली जाते. हे गणित करायला इंजिनियर लागत नाही. तरी व्यासपीठावर ते कोणी करत नाही, कारण केलं तर टाळी जाते.

आता हे जाळं म्हणजे काय, ते थोडं सांगू द्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

खळ्यावर तिवड्याभोवती पात धरलेले बैल तुम्ही लहानपणी पाहिले असतील. एकाच दोराने बांधलेले सगळे एकाच चालीने फिरतात. एखादा दमला तर त्याचा भार बाकीच्यांच्या मानेवर येतो आणि अख्खी पात मंदावते. दीपनगरचं जनित्र, सरदार सरोवरचं, भूतानमधल्या १,०२० मेगावॅटच्या ताला प्रकल्पाचं, सगळी अशीच एका चालीने फिरतात. ती चाल म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. कोणी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली की चाल मंदावते, आणि ती सगळ्यांची मंदावते. मंत्रालयातल्या पंख्याची आणि चोपड्यातल्या पिठाच्या गिरणीचीही.

१९९० च्या दशकात संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या मीटरचा काटा ४८.५ च्या आसपास लोळायचा. मोटारी तापायच्या, ट्यूबलाईट लागायला का-कू करायच्या. कळव्याहून फोन यायचा, लोड काढा. आम्ही विचारायचो, आमचंच का? उत्तर ठरलेलं : मध्य प्रदेश ओढतोय. सेंधव्याला आमच्यासारखाच कोणीतरी बसलेला असायचा, त्याला सांगितलं जायचं की महाराष्ट्र ओढतोय. गुजरातमध्ये दोघांच्याही नावाने शंख. प्रत्येक राजधानीला वाटायचं की आपला माणूस अंधारात बसला तर मतं जातील, शेजारचा बसला तर आपलं काही जात नाही.

हे भांडण भाषणांनी मिटलं नाही. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात हिशेबाची पद्धत बदलली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात कोण किती वीज घेणार ते आदल्या दिवशी लिहून द्यायचं. ठरल्यापेक्षा जास्त ओढलं तर पैसे भरायचे, आणि जाळं जितकं मंदावलेलं असेल तितका दर चढा. उलट अशा अडचणीच्या वेळी ज्याने कमी ओढलं त्याला तेच पैसे मिळणार. त्या वर्षी मुंबईत, भोपाळात आणि गांधीनगरात एका रंगाची सरकारं नव्हती, आणि तो काळ काही गोडीगुलाबीचा नव्हता. तरी काही महिन्यांतच काटा ताळ्यावर आला. आमच्या लॉगशीटवर ४९ च्या वरचे आकडे नियमाने दिसायला लागले तेव्हा जुन्या ऑपरेटरांना मीटरच बिघडलंय असं वाटलं.

सांगायचा मुद्दा, शेजाऱ्यांमध्ये प्रेम असायची गरज पडली नाही. वही चोख लागली, आणि वहीत खाडाखोड न करणारा तिसरा माणूस लागला.

असा तिसरा माणूस नसला किंवा त्याचं कोणी ऐकलं नाही की काय होतं, याचा माझा आवडता दाखला युरोपातला आहे. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या २५ देशांतली विजेवर चालणारी घड्याळं मागे पडायला लागली. ओव्हनवरची, रेडिओवरची, भिंतीवरची. मार्चपर्यंत ती सहा मिनिटं मागे पडली. स्पेनपासून तुर्कस्तानापर्यंत लोक उशिरा उठत होते आणि कारण कोणाला कळेना. कारण निघालं कोसोवो आणि सर्बिया यांच्या वादात. कोसोवोच्या उत्तरेकडच्या चार सर्बबहुल तालुक्यांत १९९९ च्या युद्धानंतर कोणी विजेचं बिलच भरत नव्हतं. (आकडा टाकणारा फक्त आपल्याकडेच असतो असा समज असेल तर काढून टाका.) तिथल्या वापराचा खर्च कोणी सोसायचा यावरून दोघांचं फाटलं. कोसोवोने बनवली त्यापेक्षा जास्त वीज वापरली, आणि समतोल राखायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या सर्बियाने तिकडे पाहिलं नाही. तूट ११३ गिगावॅट-तास, म्हणजे ११.३ कोटी युनिट. एवढ्याशा मुलुखाच्या भांडणाने पॅरिसची घड्याळं मागे पडली. युरोपातल्या वीजवाहिन्यांच्या संघटनेला शेवटी जाहीरपणे सांगावं लागलं की हा तांत्रिक बिघाड नाही, राजकारण्यांनी मिटवायचा विषय आहे.

लाईन तोडण्याची भाषा करणाऱ्यांनी कोरियाही वाचावा. १९४५ ला देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा मोठी धरणं आणि वीजकेंद्रं उत्तरेत राहिली. दक्षिण उत्तरेच्या विजेवर जगत होती. १० मे १९४८ रोजी दक्षिणेत निवडणूक झाली आणि १४ मे रोजी, बिलाच्या वादाचं कारण पुढे करत, उत्तरेने वीज तोडली. दक्षिणेतल्या कारखान्यांचे हाल झाले, बंदरात वीज बनवणारी जहाजं आणून उभी करावी लागली. पण पुढे काय झालं? दक्षिणेने स्वतःची केंद्रं उभारली आणि आज रात्रीच्या उपग्रहाच्या चित्रात काळोख कोणत्या बाजूला दिसतो ते शाळेतलं पोरगंही सांगेल. तार तोडणाऱ्याने गिऱ्हाईक कायमचं घालवलं. आपण उद्या ढाक्याची तार तोडली तर तो देश दुसरीकडून सोय करील. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आणि आता उलटा दाखला. सायप्रस नावाचं बेट. १९७४ पासून दक्षिणेत ग्रीक, उत्तरेत तुर्की, मधे संयुक्त राष्ट्रांची फौज. दक्षिण उत्तरेच्या सरकारला सरकारच मानत नाही. तरीही फाळणीनंतर कितीतरी वर्षं दक्षिणेच्या केंद्रातून उत्तरेला वीज जात राहिली, पैसे न मिळता. ११ जुलै २०११ रोजी दक्षिणेतल्या नौदलाच्या तळावर साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला, तेरा माणसं गेली, आणि शेजारचं वासिलिकोसचं वीजकेंद्र उद्ध्वस्त झालं. दक्षिणेची निम्मी वीज एका सकाळीत गेली, तीही भर उन्हाळ्यात. तेव्हा वीज कुठून आली? उत्तरेतून. सरकारं एकमेकांच्या कागदावर सही करू शकत नव्हती, म्हणून दोन्हीकडच्या व्यापारी मंडळांनी करार केला. एकमेकांचं नावही न घेणाऱ्या माणसांनी मीटरचं रीडिंग मात्र बरोबर घेतलं. मला हा प्रकार फार आवडतो. आपल्याकडे दोन भाऊबंद वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण सामाईक विहिरीवर कोणी कधी मोटार लावायची ते ठरलेलं असतं आणि ते दोघंही पाळतात.

आयर्लंडचं थोडक्यात सांगतो. उत्तर आणि दक्षिण जोडणारी मोठी लाईन १९७० ला टाकली, पाचएक वर्षांत बॉम्बने उडवली, आणि ती पुन्हा चालू व्हायला १९९५ उजाडलं. २००७ पासून अख्ख्या बेटाचा वीजबाजार एक आहे आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी तो टिकला.

आता आपल्या दारात या. नेपाळात एके काळी दिवसाला सोळा-अठरा तास भारनियमन होतं. आपल्या इथल्या सगळ्यात वाईट दिवसांत बारा-चौदा तास जायचे, त्यावरून कल्पना करा. २०१५ च्या सप्टेंबरात सीमेवरची नाकेबंदी सुरू झाली, काठमांडूत पेट्रोल-गॅसचे वांधे झाले, भारताबद्दल तिथे प्रचंड राग होता. तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मुझफ्फरपूर ते ढल्केबर ही लाईन सुरू झालीच. त्या वर्षाच्या शेवटापासून काठमांडूतलं भारनियमन हटत गेलं. पुढे नेपाळकडे पावसाळ्यात वीज उरायला लागली आणि नोव्हेंबर २०२१ पासून तो देश आपल्या वीजबाजारात विकायला आला. म्हणजे घेणारा देणारा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी तिहेरी करार केला. नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून ढाक्याकडे जाणार, आणि तारेचं भाडं आपल्याला मिळणार. लक्षात घ्या, ढाक्यातलं सरकार पडून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते आणि दिल्ली-ढाका संबंध पार बिघडलेले होते. सह्या तरी झाल्या.

४० मेगावॅट म्हणजे किती? दीपनगरच्या एका संचाचा बारावा हिस्साही नाही. एवढ्याशाला तीन देशांचं एकमत व्हायला वर्षं लागली, म्हणून मी त्याला फार मोठं यश म्हणणार नाही. आणि सार्क देशांनी २७ नोव्हेंबर २०१४ रोजी काठमांडूत वीज सहकार्याचा करार केला होता, पाकिस्तानसकट, हे तर बहुतेकांच्या लक्षातही नसेल. त्यानंतर सार्कची शिखर परिषदच भरली नाही.

पाकिस्तानचं नाव आलं की सभागृह तापतं, म्हणून तेही स्पष्टच लिहितो. २०१२ ते २०१४ च्या सुमारास अमृतसरहून लाहोरकडे ५०० मेगावॅट देण्याची बोलणी चालली होती आणि ती बारगळली. आज कोणी तो विषय काढावा असं मला वाटत नाही. जिथे माणसं मारली जातात तिथे मीटरचं रीडिंग घ्यायला कोण जाणार? सहकार्य म्हणजे डोळे मिटून तार जोडणं नव्हे. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या तीन देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या जाळ्यातून अंग काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्यात गाठ मारली. शेजारी धोक्याचा वाटला तर असंही करता येतं. पण त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं तयारी केली, नव्या लाईनी टाकल्या, पर्यायी वीज उभी केली, आणि मगच जुनी तार सोडली. माईकवरून घोषणा करून नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यात खानदेशाचं काय?

खानदेशाचं असं आहे की आपण या जाळ्याच्या अगदी चौफुलीवर बसलोय. धुळ्याजवळ ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे. तिथून एक लाईन औरंगाबादेकडे जाते, एक गुजरातमध्ये बडोद्याकडे. सरदार सरोवरची ४०० केव्हीची लाईन धुळ्याला येते. साक्रीच्या शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे. म्हणजे दुपारी बारा वाजता आपल्याकडे विजेचा सुकाळ, आणि संध्याकाळी सातला पॅनेल निजलेली, वारा असला तर असला. अशा वेळी ज्याच्याकडे धरणं आहेत तो शेजारी कामाचा. त्याने दुपारी आपलं ऊन घ्यायचं आणि पाणी राखायचं, संध्याकाळी ते पाणी सोडून आपल्याला वीज द्यायची. भूतान आणि नेपाळ यांच्याकडे नेमकं तेच आहे. जितकं सौर वाढेल तितकी या शेजाऱ्यांची गरज वाढेल. तार तोडायची भाषा करणारे त्याच तोंडाने सौर पंपांची उद्घाटनं करतात तेव्हा आमच्यासारख्याला हसू येतं.

शेजारी राज्यांशी वाटणी कशी निभावते हेही खानदेशाने सोसून पाहिलंय. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याप्रमाणे सरदार सरोवरच्या विजेतला ५७ टक्के हिस्सा मध्य प्रदेशाचा, २७ टक्के महाराष्ट्राचा, १६ टक्के गुजरातचा. १,४५० मेगावॅटची क्षमता. तिन्ही राज्यांत इतकी सरकारं आली-गेली, पण हे टक्के हलले नाहीत. या वाटणीसाठी महाराष्ट्रातली जी ३३ गावं पाण्याखाली आली ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. २७ टक्क्यांचा तो हिस्सा राज्याच्या जाळ्यात जातो आणि तिथून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचतो. नर्मदाकाठच्या पाड्यांवर किती वर्षं चिमणी जळत राहिली हे नंदुरबारच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेजारी राज्याने आपला हिस्सा बुडवला नाही. आपल्याच घरात वाटप करताना जे व्हायचं ते झालं.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडची लाईट जाते ती शंभरातल्या बहुतेक वेळा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. वर वीज असते. सबस्टेशनला असते. फीडर ओव्हरलोड असतो, डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, मंजुरीपेक्षा जास्त मोटारी असतात, कटआउटच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला असतो, तेल कधी बदललेलं ते डीपीलाच ठाऊक.

एप्रिल-मे मध्ये डीपी जळते तेव्हाचं दृश्य तुमच्यापैकी शेती असलेल्या प्रत्येकाने पाहिलं असेल. आमच्या शिवारातली जळाली की पहिल्या दिवशी सगळे एकमेकांवर आरोप करतात, कोणाची मोटार किती अश्वशक्तीची यावरून. दुसऱ्या दिवशी वर्गणी निघते. ज्याचा ट्रॅक्टर त्याची ट्रॉली, दोराने बांधून जळालेली डीपी तालुक्याला न्यायची, तिथे तुमच्या आधी अमुक इतक्या आहेत असं ऐकायचं, दुरुस्त केलेली घेऊन यायची आणि खांबावर चढवायला कंत्राटावरचा पोरगा शोधायचा. या दिवसांत ४५ अंशाच्या उन्हात केळीचं पान दुपारी फाटक्या कापडासारखं लोंबायला लागतं, आणि घड अर्ध्यावर असलेलं झाड कमरेत वाकतं. तेवढ्या वेळात ढाक्याला किती युनिट गेले याच्याशी त्या झाडाचा काडीचा संबंध नसतो.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज माफ झाली, चांगलं झालं. सौर कृषिवाहिनी जिथे खरोखर सुरू झाली तिथे दिवसा पाणी भरता येतं, रात्री सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन बांधावर जावं लागत नाही, हेही कबूल करतो. पण फुकट विजेला आणि सौर विजेलाही डीपी लागते, तार लागते आणि लाईनमन लागतो. एका लाईनमनकडे किती गावं आहेत, हा प्रश्न विधानसभेत विचारला तर टाळी मिळत नाही, म्हणून तो मागे राहतो.

मागण्या तीनच आहेत.

खासदारांनी संसदेत विचारावं की नेपाळ-भूतानकडून संध्याकाळची वीज घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार महाराष्ट्राच्या वाट्याला किती येणार आहेत, आणि ४० मेगावॅटचा तिहेरी मार्ग वाढवायला नेमकं अडलंय कुठे. चिनी कंपन्यांचा हात असलेल्या नेपाळी प्रकल्पांची वीज आपण घेत नाही, त्या धोरणामागे कारण असेल, पण त्याची किंमत किती पडते तेही देशाला कळू द्या.

आमदारांनी तालुकावार यादी मागवावी : किती डीपी ओव्हरलोड, जळाल्यावर बदलायला सरासरी किती दिवस, लाईनमनच्या जागा किती रिकाम्या. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आम्ही वाचू.

तिसरी मागणी दोघांसाठी आहे आणि मला ती सगळ्यात सोपी वाटते. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, शहादा, धडगाव या तालुक्यांच्या कडेला असे पाडे असतील जिथे आपली लाईन डोंगर ओलांडून आणावी लागते आणि मध्य प्रदेशाची लाईन हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडच्या राज्यातही असे पाडे असतील ज्यांना आपली लाईन जवळ. दोन राज्यांच्या वीज कंपन्यांनी हद्दीवर मीटर लावून एकमेकांना वीज विकायला २००३ च्या वीज कायद्यात आडकाठी नाही. मणिपुरातल्या मोरे गावातून म्यानमारमधल्या तामू गावाला २०१६ पासून ३ मेगावॅट वीज जाते. पाकिस्तानातल्या ग्वादरच्या पट्ट्याला इराणची वीज येते, आणि त्या दोन देशांत काय सख्य आहे ते आपण पाहतो. मग आपल्या हद्दीवरच्या पळासनेरच्या पुढचा डोंगर असा कोणता मोठा लागून गेलाय? नवापूरच्या स्टेशनात अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, गाडी तरी थांबतेच ना? रेल्वेने जे जमवलं ते वीज कंपन्यांना जमवायला लावा. पाड्यांची यादी काढायला महिना पुरे. पावरा-भिल्लांच्या त्या घरांत मतदारयादी घेऊन तुमचे कार्यकर्ते पोहोचतातच, तर वायरमनही पोहोचेल.

आणि तोवर, कृपा करून, सभेत मेन लाईन तोडायची भाषा थांबवा. ज्यांनी आयुष्यभर फीडर काढले आणि घातले त्यांना विचारा. काढायला एक सेकंद लागतो. घालताना आधी पलीकडे फोन करावा लागतो, त्याने परवानगीचा नंबर सांगावा लागतो, तो वहीत उतरवावा लागतो आणि मगच हँडल फिरवायचं. पलीकडे फोन उचलणाराच कोणी उरला नाही तर लाईन धड असूनही चालू होत नाही.

धुळ्याला किंवा जळगावला या विषयावर बैठक लावलीत तर मला बोलवा. भाडं मी माझं भरतो. अधिकारी लॉगशीट पुढे ठेवतील तेव्हा ती वाचता येणारा एखादा माणूस तुमच्या बाजूलाही बसलेला बरा.

आपला,
एक निवृत्त सबस्टेशन ऑपरेटर
शिरपूर तालुका, जि. धुळे